नजीर सर आणि एक जुलैची माणसं

नजीर सर कोणाच्याही घरी गेले की दार ठोकून तीसपर्यंत मोजत. मनातल्या मनात नाही, बोटांच्या पेरांवर, ओठ हलवत. तीस झाले आणि आतून कोणी ओ दिली नाही, की आल्या पावली परत. आमची आई हातावरचं पीठ झटकत दारापर्यंत येई, तोवर सर गल्लीच्या टोकाला पोचलेले असत. मग तिला पदर खोचून मागे धावावं लागे. सर वळून शांतपणे सांगत, की टाइमआऊट झाला, आता पहिल्यापासून. ते परत येऊन पुन्हा दार ठोकत. आई उंबऱ्यात उभी असली तरी तिच्या देखत ठोकत.

दार उघडलं की चार गोष्टी सांगितल्याशिवाय ते आत पाऊल टाकत नसत. कोण, कुठून, काय पाहिजे आणि कोणत्या रूपात. "मी नजीर. बसस्टँडजवळून आलो. चहा पाह्यजे. कपात, बशी नको." नेरमध्ये त्यांना न ओळखणारं एखादं कुत्रंही नसेल, पण हे रोज. आईला सुरुवातीला वाटलं, माणसाच्या डोक्यावर काहीतरी परिणाम झालाय. पुढे तिचं मत पालटलं. "तुह्ये सर बरे हायेत बाई," ती म्हणे, "काय पाह्यजे ते तोंडानं सांगतात तरी. तुह्ये बाबा लग्न झाल्यापासून नुसते ताटाकडे पाहून राह्यले."

सरांच्या अब्बांचं बसस्टँडमागे मोटार रिवायंडिंगचं दुकान होतं. विहिरीवरच्या जळलेल्या मोटारी यायच्या, त्यांची काळी झालेली तार उपसून नवी तांब्याची तार गुंडाळायची आणि वर वॉर्निश लावायचं. खाली हा धंदा आणि वर जिन्यानं गेलं की सरांचा कॉम्प्युटर क्लास. त्यामुळे माझ्या डोक्यात इंटरनेटला आजही वॉर्निशचा वास आहे. सर स्वतः अर्धा दिवस खाली तार गुंडाळत आणि अर्धा दिवस वर आम्हाला शिकवत. बोटं कायम चिकट. की-बोर्डवरचं 'ई' हे बटण दाबलं की वर यायचं नाव घेत नसे, आणि त्याबद्दल सर आमच्याकडे संशयानं पाहत.

बीएस्सीला एका विषयात आपटी खाऊन मी त्यांच्याकडे आले होते. तोवर क्लासमध्ये टायपिंग आणि टॅली शिकवत. सरांना मात्र एकाच गोष्टीचं वेड होतं, ती म्हणजे वेब सर्व्हिस. त्याला कारण एक इंग्रजी पुस्तक. उशीएवढं जाड, रद्दीवाल्याकडून आणलेलं, आणि त्याची पहिली चाळीस पानं नव्हती. ती बसस्टँडवरच्या फुटाणेवाल्यानं आधीच पुड्या बांधून खपवली होती. म्हणजे 'वेब सर्व्हिसची ओळख' हे प्रकरण नेर ते दारव्हा प्रवास करणाऱ्या लोकांनी फुटाण्यांबरोबर हातात धरलं आणि खिडकीतून फेकलं. सरांच्या हाती उरलं ते एक्केचाळिसाव्या पानापासून पुढचं, ओळख वगैरे झाल्यानंतरचं. मग ओळख त्यांनी स्वतःच तयार केली. मी आज पुण्यात याच कामावर पोट भरते, मोठमोठ्या लोकांनी केलेली ओळख ऐकली आहे, पण मला लागू पडली ती सरांचीच.

"वेब सर्व्हिस म्हंजे काय?" सर खडू हातात घेऊन विचारत आणि आमच्या उत्तराची वाट न पाहता सांगत. "एका कॉम्प्युटरनं दुसऱ्याच्या दारात जाऊन रीतसर विचारायचं, आनं दुसऱ्यानं रीतसर सांगायचं. मधात मानूस नाई. मानूस असता तं हातवारे करून भागलं असतं. नाई म्हणून रीत पाह्यजे." या रीतीलाच पुस्तकात स्टँडर्ड म्हणतात, हे मला सहा महिन्यांनी कळलं.

सगळ्यात जुनी रीत म्हणजे सोप. त्या नावावरून विनोद करायला पहिल्याच दिवशी बंदी होती, कारण ते सगळे विनोद सरांनी आधीच करून संपवले होते. सोप म्हणजे तहसीलदाराला केलेला अर्ज. वर लिफाफा, आत डोक्याशी 'प्रति, विषय, संदर्भ', मग महोदय, मग खाली खरं काम, तेही दीड ओळीचं. सगळं एक्सएमएलमध्ये, म्हणजे जे उघडलं ते बंद करायचंच. हे सरांच्या इतकं अंगात मुरलं होतं, की ते लोकांच्या घरची उघडी कपाटं, पाण्याची पिंपं, बायकांच्या पर्सच्या चेनसुद्धा बंद करत फिरत. कोणत्या अर्जाला कोणते कागद जोडायचे हे सांगणारी जी फाइल असते, ती म्हणजे तलाठ्याच्या दाराबाहेरचा बोर्ड. फरक एवढाच, की कॉम्प्युटरच्या बोर्डावर लिहिलेलं खरं असतं. आणि नवी रीत, ज्याला रेस्ट म्हणतात, ती म्हणजे थेट खिडकी. पत्ता बरोबर टाका, काय करायचं ते एका शब्दात सांगा, 'दे', 'घे', 'बदल', 'खोड', आणि जेसन नावाच्या मांडणीत, महिरपी कंसात, सुटसुटीत उत्तर घेऊन चालू पडा. सरांना खिडकी आवडायची, पण अर्जाबद्दल आदर होता. अब्बांनी आयुष्यभर वीज कंपनीला अर्जच केले होते.

खरी मजा आकड्यांची होती. उत्तरासोबत समोरचा कॉम्प्युटर एक तीन आकडी नंबर पाठवतो, काम झालं की नाही ते सांगायला. सरांनी त्यावर सगळं गाव बसवून टाकलं होतं. चारशे एक म्हणजे 'तुमी कोन?' असं विचारणारा. चारशे तीन म्हणजे ओळखतो, पण घरात घेणार नाही. आमच्या गल्लीतले देशमुख काका कायमचे चारशे तीन होते. पाचशे म्हणजे घरातच भांडण चालू आहे, नंतर या. चारशे चार म्हणजे सापडला नाही, शेतात गेला असेल, उद्या पाहा. चारशे दहा म्हणजे गेला. होता, आता नाही, शोधू नका. आणि दोनशे म्हणजे सगळं ठीक. इथे सर हमखास खडू खाली ठेवत. "दोनशेवर उड्या मारू नका," ते म्हणत. "दोनशे म्हंजे दार उघडलं, एवढंच. घरात कोन हाये ते आत जाऊन पाहा." आम्ही ते वहीत लिहून घेतलं. वहीत लिहिलेल्या गोष्टींचं मी जे करते, तेच केलं.

आता रक्ताची गोष्ट. सर स्वतः ओ निगेटिव्ह. तीन महिने झाले की हात पुढे करून उभे. त्यामुळे जिल्ह्यातल्या रक्तदानवाल्या मंडळींशी त्यांची ओळख होती, आणि त्यांना एक गोष्ट खुपत होती. नेरच्या शिबिरांची यादी सरांकडे एका रजिस्टरात. पांढरकवड्याची यादी एका मेडिकलवाल्याच्या कॉम्प्युटरमध्ये. फुलसावंगीची एका मास्तरांच्या मोबाइलमध्ये, तीही फोटो काढून ठेवलेली. रक्त लागलं की नातेवाईक तिन्ही ठिकाणी फोन करत सुटत. सरांनी ठरवलं, की तिन्ही याद्यांना एक दार करायचं. गट टाकला की नाव, गाव, फोन समोर. आम्ही चौघं विद्यार्थी महिनाभर नावं टाइप करत बसलो, आणि ते 'ई' बटण कायमचं कामातून गेलं.

याद्या एकत्र केल्यावर तीच ती नावं परत परत दिसू लागली. एकच माणूस तीन शिबिरांत जाऊन आलेला. मी पुढे होऊन म्हणाले, मी काढते ही दुबार नावं. नाव आणि जन्मतारीख दोन्ही जुळली तर माणूस एकच, शेवटची नोंद ठेवायची, बाकीच्या उडवायच्या. अकरा ओळी लिहिल्या. यादी चांगलीच बारीक झाली. सरांनी सगळ्यांदेखत माझ्या अकरा ओळी फळ्यावर उतरवल्या आणि खालून आलूबोंडे मागवले. आयुष्यात तोवर माझं इतकं कौतुक कोणी केलं नव्हतं. मी त्या दिवशी घरी चालत नाही, तरंगत गेले.

पुढच्या कापसाच्या हंगामात माझ्या वहिनीला यवतमाळच्या एका दवाखान्यात बाळंतपणाला नेलं. सकाळी अकराच्या सुमाराला दादाचा फोन आला. पोटातच रक्तस्राव सुरू झाला होता, ऑपरेशन लगेच करायचं होतं. वहिनीचा गट बी निगेटिव्ह. तिला ओ निगेटिव्हही चाललं असतं, पण आमच्या यादीत तो गट सरांचा एकट्याचा, आणि त्यांनी पंधरा दिवसांपूर्वीच रक्त दिलं होतं. डॉक्टरांच्या हाताशी एकच पिशवी होती, ती लावून ते सुरुवात करत होते, पण दुसरी लागणारच असं त्यांनी साफ सांगितलं होतं. दादाचा आवाज ओळखू येत नव्हता. मी त्याला म्हणाले, घाबरू नको, आपल्याकडे सर्व्हिस आहे. हे मी खरोखर म्हणाले. आठवलं की आजही कानशिलं गरम होतात.

मी बी निगेटिव्ह टाकलं. उत्तर आलं दोनशे. आत दोन कंस आणि त्यांच्या मध्ये काही नाही. पुन्हा टाकलं. दोनशे, रिकामे कंस. तिसऱ्यांदा टाकलं तेव्हा सर मागे येऊन उभे होते. सगळं ठीक आहे, फक्त अख्ख्या यादीत बी निगेटिव्ह माणूस एकही नाही, असं तो कॉम्प्युटर अत्यंत सभ्यपणे सांगत होता. सर म्हणाले, हे खोटं आहे. नेरच्या पहिल्या शिबिरात एक बी निगेटिव्ह होता, त्याला बिस्किटाचा पुडा त्यांनी स्वतः दिला होता, आणि त्यानं तो न खाता पोरांसाठी खिशात टाकला होता.

सरांनी खालून रजिस्टर आणलं. रामदास राठोड, बी निगेटिव्ह, जन्म एक जुलै. मी कॉम्प्युटरमध्ये रामदास राठोड शोधला. होता. पण तो फुलसावंगीचा होता आणि ओ पॉझिटिव्ह होता. त्याचीही जन्मतारीख एक जुलै, आणि वर्षही तेच. माझ्या अकरा ओळींनी दोन जिवंत माणसांचा एक माणूस केला होता, आणि नेमका लागणारा माणूस उडवला होता.

सर खुर्चीत बसले. "बेटा," ते म्हणाले, "तुह्या बाबाचा जन्म कधीचा?"

मी म्हणाले, एक जुलै.

"माहा बी एक जुलै. माह्या भावाचा बी. खाली तार गुंडाळून राह्यला तो बाबाराव, त्याचा बी."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. आमच्याकडे जुन्या पिढीत पोराला शाळेत घालायला नेलं, की हेडमास्तर विचारत, जन्म कधीचा. आई सांगे, तुरीला शेंगा लागल्या होत्या तेव्हाचा. दाखल्याच्या रकान्यात तूर बसत नसे. मग मास्तर पोराकडे पाहून सहा वर्षं मागे मोजत आणि एक जुलै लिहून मोकळे होत. अर्धा जिल्हा एकाच दिवशी जन्मला होता. हे मला माहीत नव्हतं असं नाही. बाबांच्या वाढदिवसाला दरवर्षी आम्ही यावरच हसत होतो. तरी मी जन्मतारखेवर विसंबून माणसं पुसली, कारण पुस्तकात लिहिलं होतं की तारीख ही पक्की गोष्ट आहे.

मी रडायला लागले. सरांनी रागावलं असतं तर बरं वाटलं असतं. ते फक्त म्हणाले, "रडनं संध्याकाळी. आता गाडीवर बस." रजिस्टरातला फोन नंबर केव्हाच बंद पडलेला होता. पण गावाच्या जागी एका तांड्याचं नाव होतं, नेरपासून आठेक किलोमीटरवरच्या. सरांच्या मोटारसायकलचा आरसा वाटेत एका खड्ड्यात गळून पडला, तो आम्ही उचलला नाही.

तांड्यावर पोचलो तर तिथे रामदास राठोड तीन. लिंबाखाली एक म्हातारी बसली होती, हातभर हस्तिदंती बांगड्या, कापसातला कचरा निवडत. सर तिच्यासमोर उकिडवे बसले, तिला याडी, म्हणजे तिच्या बोलीत आई, म्हणाले, आणि कोण, कुठून, काय पाहिजे ते आपल्या रीतीनं सांगितलं. रामदास पाहिजे. जन्म एक जुलैचा. म्हातारीनं तारखेकडे लक्षच दिलं नाही.

"कोनता रामदास?" ती म्हणाली. "विहिरीले पानी लागलं तवाचा, का बैलगाडीत झालेला, का मामाच्या लग्नातला?"

सर तिच्याकडे पाहतच राहिले. मी त्यांना बारा महिने रोज पाहत होते, पण त्यांचा असा चेहरा कधी पाहिला नव्हता. मग त्यांनी विचारलं, यातला पोरांसाठी खाऊ खिशात टाकणारा कोणता. म्हातारीनं क्षणही घेतला नाही. विहिरीवाला, ती म्हणाली, आणि हातानं घर दाखवलं.

सर त्या घरापर्यंत अक्षरशः पळत गेले. दारावर थाप मारली आणि मोजलं नाही. एकसुद्धा नाही. सरळ दार ढकलून आत घुसले. आत त्याची बायको भाकरी करत होती, ती किंचाळली. कोण, कुठून वगैरे काही न सांगता सर म्हणाले, रामदास कुठे आहे, एक बाई मरून राह्यली. त्या एका वाक्यात सरांनी स्वतःचं सगळं शिक्षण धुऊन टाकलं, आणि मला ते तेव्हा फार आवडले.

रामदास मागच्या शेतात ट्रॉलीत उभा राहून कापूस पायानं दाबत होता. त्यानं फक्त दोन प्रश्न विचारले, किती लांब आणि परत कोण सोडणार. मग तसाच उतरला. सर, मी आणि तो असे तिघं एका गाडीवर यवतमाळला निघालो. त्याच्या केसांतला, भुवयांवरचा कापूस वाटभर उडत होता. दवाखान्यातल्या नर्सनं त्याला आधी हातपाय धुवायला पिटाळलं. रक्त घेतलं, तपासलं, आणि ते चढेपर्यंत संध्याकाळचे पाच वाजले. तोवर दादा भिंतीला कपाळ टेकवून उभा होता आणि मी त्याच्याकडे पाहायचं टाळत होते. वहिनी वाचली. मुलगीही वाचली, आणि आज ती इतकी तोंडाळ आहे, की कधी कधी रामदासचा राग येतो.

दवाखान्याबाहेर सरांनी मला चहा पाजला. मी म्हणाले, सर, मी हे काम सोडते. सरांनी कप खाली ठेवला. "सोडजो ना," ते म्हणाले, "पन आधी दुरुस्त कर. मोटार जळली म्हणून आपन विहीर बुजवतो का?" मग ते म्हणाले की चूक माझी एकटीची नाही, फळ्यावर त्यांनी लिहिली होती आणि आलूबोंडेही त्यांनीच मागवले होते. त्यानंतर मी जे रडायचं ठेवलं होतं ते रडून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सरांनी यादीत एक नवा रकाना उघडला. त्याचं नाव 'आई काय म्हणते'. पुन्हा महिनाभर आम्ही फोन करत बसलो. एक जुलैच्या प्रत्येक माणसाला सांगायचं, घरी विचार, तुझा जन्म कधीचा, आणि जे सांगतील ते तसंच्या तसं लिहायचं. काय काय आलं त्या रकान्यात. 'इंजिनाचा पट्टा तुटला त्या दिवशी.' 'ताजियाच्या दुसऱ्या दिवशी, ढोल ऐकू येत होता.' 'गाय आणि मी एकाच रात्री.' 'सोयाबीन पहिल्यांदा पेरलं त्या साली, आणि फसलं.' एकाच्या आईनं सांगितलं होतं, 'ध्यानात नाही, नववा होता.' सगळ्या जगाच्या रीतीविरुद्ध असलेला हा रकाना, पण दोन माणसं त्यात कधी एक झाली नाहीत.

पुढे एका कॉलेजातले एक प्राध्यापक आमची सर्व्हिस पाहायला आले. त्यांना बाकी सगळं पसंत पडलं, पण या रकान्यापाशी ते अडले. तारखेचं जगभर एक स्टँडर्ड आहे, वर्ष, महिना, दिवस, असं त्यांनी समजावून सांगितलं. सरांनी मान डोलावली. स्टँडर्ड चांगलंच आहे, ते म्हणाले, पण आमचे हेडमास्तर त्याच्या आधी येऊन गेले. प्राध्यापकांनी विचारलं, मग या रकान्याचा टाइप काय धरायचा, आकडा की मजकूर. सर म्हणाले, "आई." प्राध्यापक चहा न घेता गेले. सरांनी त्यांच्या बॅगेची चेन मात्र लावून दिली.

मी नोकरीला पुण्यात आले. पहिल्या पगाराच्या महिन्यात सरांना त्या जाड पुस्तकाची नवी कोरी प्रत पाठवली, पहिल्या चाळीस पानांसकट. आठ दिवसांनी त्यांचा फोन आला. ओळख वाचली, म्हणाले, ठीक आहे, पण दारात उभं कसं राहायचं ते त्या लोकांनी सांगितलेलंच नाही. फुटाणेवाल्यानं काही फार नुकसान केलं नव्हतं, असं त्यांचं मत पडलं.

गेल्या उन्हाळ्यात सर गेले. दुपारी दुकानात तार गुंडाळता गुंडाळता छातीत कळ आली, आणि बाबारावनं रिक्षा आणेपर्यंत सगळं संपलं होतं. आमच्या जुन्या बॅचच्या ग्रुपवर आम्हा चौघांपैकी अंकुशनं फक्त एक आकडा टाकला, चारशे दहा. मी मीटिंगमध्ये होते. समोरच्या पडद्यावर कोणीतरी काहीतरी दाखवत होतं आणि मी तोंडावर हात दाबून बाहेर पळाले. बाहेरच्या लोकांना तो आकडा पाहून काही कळलं नसतं. आम्हाला त्याहून स्पष्ट कोणी सांगूच शकलं नसतं.

सर्व्हिस अजून चालू आहे, ती आम्ही चौघं सांभाळतो. सर गेल्यावर महिनाभरानं अंकुशचा फोन आला, की ओ निगेटिव्ह लागलं की लोक अजून सरांच्या नंबरवर फोन करतात, आणि घरच्यांना दर वेळी तेच सांगावं लागतं. नोंद काढून टाक, तो म्हणाला, तुला येतं ते. काढायचं मला चांगलंच येतं, हे तो बोलला नाही. मी सरांची नोंद उघडली. शेख नजीर, नेर, ओ निगेटिव्ह, एक जुलै. आणि 'आई काय म्हणते'च्या पुढे सरांनी स्वतः लिहिलेलं होतं: 'विचारायचं राहिलं.'

सगळ्या जिल्ह्याला विचारायला लावणारा माणूस. मला हसू आलं, आणि मग हसू थांबेना, आणि मग ते हसू राहिलं नाही.

सरांची मोठी बहीण, रजिया आपा, केळापूरला असतात. त्यांचा नंबर घेऊन मी फोन लावला. पहिल्यांदा कोणी उचलला नाही. पूर्ण वाजू दिला, पुन्हा लावला. मी कोण, कुठून, काय पाहिजे ते सांगितलं. आपा म्हणाल्या, की अब्बांनी पहिली मोटार गुंडाळली, तोच तो दिवस. मोटार सुरू झाली, तिच्यातून धूर निघाला, आणि सगळा मोहल्ला ते पाहायला दुकानाकडे पळाला. घरात अम्मी आणि पाच वर्षांच्या आपा. दाई आली ती बाहेरून दार ठोकत राहिली. अम्मीला उठता येईना आणि आपांचा हात कडीला पुरेना. शेवटी त्यांनी पाट ओढत आणून त्यावर उभं राहून कडी काढली.

मी विचारलं, आपा, दाई किती वेळ दार ठोकत होती.

"अब मोजायले कोन होतं बेटा?" आपा म्हणाल्या. "दार उघडलं तवा ती तिथंच होती."

मी नोंद खोडली नाही. रक्तदानाच्या रकान्यात 'आता नाही' असं लिहिलं, फोन नंबर काढला, आणि 'विचारायचं राहिलं' पुसून तिथे आपांनी सांगितलेलं सगळं, धुरासकट, पाटासकट, लिहिलं. पाठवलं. उत्तर आलं दोनशे. मी त्यावर विश्वास ठेवला नाही. पुन्हा दार ठोकलं, नोंद परत मागवली आणि आत जाऊन पाहिलं. सर होते.